चार माणसं, आठ मतं, एक गाडी

किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. चार मराठी माणसं एका गाडीत बसवायची, सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, आणि निवडणूक जवळ आलेली असली पाहिजे. बाकी आपोआप होतं. मी तर म्हणते, आमच्या गाडीच्या डिकीत छत्र्या आणि डबे कमी, किस्सेच जास्त साठलेत. म्हटलं, थोडे उतरवून ठेवावेत.

आम्ही राहतो हॅमिल्टनला आणि नोकऱ्या ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनला. हॅमिल्टनमध्ये घर परवडतं, ऑकलंडमध्ये पगार मिळतो, आणि या दोन्हींच्या मधलं आयुष्य मोटरवेवर जातं. म्हणून एकाच गाडीतून जायचं. दर आठवड्याला गाडी बदलते आणि ज्याची गाडी त्याचं सरकार. एसी किती, रेडिओ कुठला, कॉफीला थांबायचं की नाही, सगळं तोच ठरवणार. विरोधकांनी मागे बसून कुरकुर करायची.

माणसं अशी. विनायकदादा सगळ्यांत मोठे, पन्नाशीचे, मूळचे साताऱ्याचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांच्या डोक्यात गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट आहे, आईला इथे कायमचं आणायचं. श्रीकांत, म्हणजे श्री, डोंबिवलीचा, आयटीवाला, कायम ऑस्ट्रेलियाला जायच्या तयारीत. तन्वी नाशिकची, शिकायला आली आणि राहिली, आता इन्शुरन्स कंपनीत आहे, यंदा पहिल्यांदा मत देणार. आणि मी मेघना, ठाण्याची. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. गाडीत हे काम मी फुकट करते.

* * *

आधी रंगांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

सुरुवातीला गाडीत सगळे पक्षांची नावं सरळ घ्यायचे. एका सकाळी दादा गाडी चालवत होते, श्री शेजारी, आम्ही दोघी मागे. विषय घरकर्जाच्या व्याजाचा.

श्री म्हणाला, हे लोक आले तर व्याज उतरेल. दादा म्हणाले, व्याज सरकार ठरवत नाही. श्री म्हणाला, मग सरकार ठरवतं तरी काय?

आता दादांना असा प्रश्न विचारू नये. त्यांचं उत्तर म्हणजे आधी मातीची तपासणी, मग पाया, मग खांब, आणि स्लॅब पडेपर्यंत ऐकणाऱ्याची ट्रेन गेलेली असते. इथे ऑफिसकडे उतरायचा आमचा एक्झिट गेला. मला दिसला होता. पण दादा इतक्या आत्मविश्वासाने पुढे गेले की मला वाटलं त्यांना एखादा जवळचा रस्ता सापडला असेल. तन्वीच्या कानात इअरफोन. शेवटी समोर ऑफिसच्या पार पुढचा हार्बर ब्रिज दिसायला लागला तेव्हा तिने एक इअरफोन काढला आणि विचारलं,

“आपण सुट्टीवर चाललोय का?”

त्या दिवशी तिची मीटिंग बुडाली. उशीर का झाला असं मॅनेजरने विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं, “पॉलिटिक्स.” संध्याकाळी गाडीत बसल्याबसल्या तिने फर्मान काढलं की यापुढे गाडीत कुठल्याही पक्षाचं नाव घ्यायचं नाही. नुसते पक्षांचे रंग बोलायचे. लाल, निळा, हिरवा, पिवळा. रंगांवरून भांडण होत नाही असा तिचा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी श्री लाल जॅकेट घालून आला. दादा गाडीचं दार उघडायच्या आधी काच खाली करून म्हणाले, “गाडीत प्रचार चालणार नाही.”

* * *

महागाई हा आमच्या गाडीचा रोजचा विषय. इथले लोक महागाई चीजच्या ठोकळ्यात मोजतात. आमच्याकडे ती तुपात मोजली जाते. इथलं लोणी चांगलं असतं, ते आणायचं आणि घरी कढवायचं, ही सगळ्या मराठी घरांची रीत. त्यामुळे लोणी महागलं तशी मी रोज जेवताना त्यावर बोलायला लागले. वरणभातावर तूप वाढताना तर हमखास. “एवढंच घ्या, लोण्याचे भाव बघितलेत का?” माझा नवरा म्हणायचा, “मेघना, आपण तूप खातोय की भाषण?”

आमच्या मुलीचा, रियाचा, जन्म इथलाच. ती मराठी सगळं ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. आपल्याला वाटतं पोरांचं लक्ष नाही.

एका दुपारी ऑफिसात शाळेचा फोन आला. रियाची टीचर. अगदी हळू आवाजात, हॉस्पिटलमधून बोलल्यासारखी. म्हणाली, वर्गात निवडणुकीवर चर्चा झाली, तुमच्या घरासाठी काय महत्त्वाचं आहे ते मुलांनी सांगायचं होतं. मी मनातल्या मनात खूश झाले. म्हटलं पोरगी पर्यावरण वगैरे काहीतरी बोलली असणार.

टीचर म्हणाली, “रिया सेड, वी काण्ट अफोर्ड बटर.”

मी काही बोलायच्या आत ती पुढे सांगायला लागली की यात लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही, सध्या हीप्स ऑफ फॅमिलीज अडचणीत आहेत, शाळेकडे फूड पार्सलची सोय आहे आणि ते ती अशा बेताने गाडीत ठेवेल की कुणाला कळणार नाही.

मी तिला समजावून सांगितलं की आम्ही दोघंही कमावतो, घरात लोणी आहे, फ्रीजरमध्येसुद्धा आहे, आम्ही ते साठवून ठेवतो कारण आम्ही ते वितळवतो. हे बोलताना मलाच ते पटेना. ती म्हणाली, “ऑफ कोर्स. टेक युअर टाइम.”

संध्याकाळी गाडीत हे सांगितलं. तन्वी हसून हसून पुढच्या सीटवर आपटली. दादांना शाळेची व्यवस्था फार आवडली. श्रीने फक्त एकच विचारलं, “त्या पार्सलमध्ये लोणी असतं का?”

* * *

दादांच्या पहिल्या मतदानाचा किस्सा जुना आहे, पण तो सांगितल्याशिवाय त्यांच्या आई कळणार नाहीत.

या देशात नागरिक व्हावं लागत नाही, रहिवासी होऊन वर्ष झालं की मत देता येतं. दादा ज्या वर्षी पात्र झाले त्या वर्षी त्यांनी फाईल तयार केली. पासपोर्ट, व्हिसा, लायसन्स, विजेचं बिल, घराचा करार, आणि प्रत्येकाची झेरॉक्स, सही करून. मतदान केंद्र म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेचा हॉल. टेबलामागे एक आजीबाई विणकाम बाजूला ठेवून बसलेल्या. त्यांनी नाव विचारलं, पत्ता विचारला, यादीत रेघ मारली आणि कागद दिला.

दादा तिथेच उभे. म्हणाले, “माझी कागदपत्रं?”

आजीबाई म्हणाल्या, “यू आर ऑल गुड, लव्ह.”

दादांनी फाईल उघडून पुढे केली. निदान पासपोर्ट तरी बघा. आजीबाईंनी बिचाऱ्यांनी फोटो बघितला आणि छान आलाय म्हणाल्या. मग दादांनी बोट पुढे केलं. आजीबाईंना वाटलं बोटाला लागलंय. त्यांनी प्लास्टर आणलं.

संध्याकाळी साताऱ्याला व्हिडिओ कॉल. आई म्हणाल्या, “बोट दाखव.”

बोट कोरं.

“मग मत दिलंस कशावरून?”

दादांनी छातीवरचं स्टिकर दाखवलं, मी मत दिलं असं लिहिलेलं. आईंनी ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, “असं स्टिकर सफरचंदावरपण असतं.”

या आई आम्हाला गाडीत रोज भेटायच्या. संध्याकाळी आम्ही निघायचो तेव्हा साताऱ्यात सकाळचे दहा वाजलेले असायचे आणि दादांचा फोन गाडीच्या स्पीकरवर लागायचा. आम्ही तिघं ऐकणार, मध्ये बोलणार. त्या चांगल्या गप्पा मारायच्या. मग मागून कुणाची तरी हाक यायची आणि त्या म्हणायच्या, “चल ठेवते, खाली सगळ्या थांबल्यात.” कधी भजनाचा सराव, कधी भिशी, कधी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून अध्यक्षांशी भांडण. फोन नेहमी त्याच ठेवायच्या.

फोन बंद झाला की दादा म्हणायचे, “एकटी आहे हो ती तिकडे.” आम्हीही माना हलवायचो.

* * *

श्रीचं ऑस्ट्रेलिया. हा किस्सा नाही, ही मालिका आहे.

श्री ब्रिस्बेनला चाललाय हे मी त्याला ओळखायला लागले तेव्हापासून ऐकते. तिकडे पगार जास्त, ऊन जास्त, घरं मोठी. मध्ये तर एकदा अगदी पक्कं झालं. आम्ही ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या एका हॉटेलात त्याला निरोपाचं जेवण दिलं. दादांनी छोटंसं भाषण केलं. मी रडले, हे कबूल करते. सगळ्यांनी मिळून त्याला मोठी सूटकेस दिली, चार चाकांची.

श्री गेला नाही. बायकोला तिकडची नोकरी पसंत पडली नाही असं काहीतरी झालं. सूटकेस त्याने ठेवून घेतली. त्यातून तो गणपतीच्या सजावटीचं सामान मंडळाच्या हॉलमध्ये आणतो. चाकं खरंच चांगली आहेत.

यंदा निवडणूक लागल्यावर त्याने नवीन अट घातली. एका रंगाचं नाव घेऊन म्हणाला, “हे निवडून आले ना, तर मी एक दिवस इथे थांबणार नाही. सरळ ब्रिस्बेन.”

तन्वी त्या दिवशी मतदानाची माहिती वाचत होती. इथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक पक्षाला आणि एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, आणि दोन्ही वेगवेगळ्या रंगांना दिली तरी चालतात. ती आठवडाभर या दोन मतांचं काय करायचं म्हणून डोकं खात होती. भाडं परवडत नाही म्हणून एक, बसची सोय नाही म्हणून दुसरं, असा तिचा हिशेब चाललेला. श्रीचं बोलणं ऐकून तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

“सुटला प्रश्न. माझी दोन्ही त्यांना.”

* * *

तन्वीचे बाबा नाशिकला असतात आणि न्यूझीलंडच्या राजकारणावर त्यांचा अभ्यास आमच्यापेक्षा जास्त आहे. त्यांनी हा देश बघितलेला नाही. पण रिटायर झाल्यापासून ते यूट्यूबवर इथल्या संसदेतली भांडणं बघतात, आणि त्यांच्या मते मजा आपल्याकडे जास्त असली तरी आवाज इथला स्वच्छ येतो.

मतदानाच्या आधी त्यांचे तन्वीला रोज मेसेज. कुणाला द्यायचं, का द्यायचं, गेल्या वेळी कुठे चुकलं. एकदा तर तिच्या भागातला उमेदवार पूर्वी काय करायचा हे त्यांनी तिला नाशिकहून सांगितलं. तो उमेदवार तिच्या शेजारच्या गल्लीत राहतो.

शेवटी गाडीतूनच तिने त्यांना फोन केला. म्हणाली, “बाबा, इथे मत गुप्त असतं. कुणाला दिलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.”

पलीकडून बाबा म्हणाले, “बरं. मग आईला सांगतो विचारायला.”

* * *

आता दादांचं.

आमच्यात प्रत्येकाचं मत कशावर ना कशावर फिरतं. माझं लोण्यावर, श्रीचं व्याजावर, तन्वीचं भाड्यावर. दादांचं कधीच कशावर फिरलं नाही. त्यांचं एकच. आईवडिलांच्या व्हिसाबद्दल कोण काय बोलतंय? जो रंग सोपं करू म्हणेल, तो रंग दादांचा. बाकी जाहीरनामा ते उघडून बघत नसत. लोणी काय, कर काय, हॉस्पिटलं काय. “ते तुम्ही बघा,” म्हणायचे.

त्यामुळे दादांचं आजवर सगळ्या रंगांना मत देऊन झालंय. एकदा एकांनी आश्वासन दिलं, ते आले आणि थांबा म्हणाले. पुढच्या वेळी दुसऱ्यांनी दिलं. मग पगाराची अट आली, मग अर्जांची सोडत आली, घरांची असते तशी. दादांचा नंबर लागला नाही. दर वेळी ते म्हणायचे, “यंदा होईल असं वाटतंय.” एवढ्या शांतपणे म्हणायचे की श्रीसुद्धा त्या विषयावर थट्टा करत नसे. खरं सांगायचं तर मला दादांचं फार वाईट वाटायचं. खालच्या मजल्यावरची खोली त्यांनी आईसाठी तयार करून ठेवली होती. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले होते, स्वतः मोजून.

यंदा एवढं झालं की आई तात्पुरत्या व्हिसावर काही महिन्यांसाठी आल्या. आणि आम्हाला त्या स्पीकरच्या बाहेर पहिल्यांदा दिसल्या. लहानखुऱ्या, नऊवारी नाही की काही नाही, पंजाबी ड्रेस आणि पायात बूट. दादांची बायको, वैशालीवहिनी, हॉस्पिटलात नर्स आहेत, त्यांच्या शिफ्ट. आम्ही सकाळी उजाडायच्या आत निघायचो. दिवसभर घरात आई आणि खोली गरम करणारा हीट पंप.

एका शनिवारी दादा, आई आणि मी वाणसामान आणायला सँडरिंगहॅमला निघालो. रस्त्याच्या कडेला कुरणांच्या कुंपणांवर उमेदवारांचे बोर्ड लागलेले, मागे गायी चरतायत. आईंनी प्रत्येक बोर्ड वाचला. म्हणजे चेहरा वाचला. “हा बरा दिसतोय.” “ही बाई दमलीये, हिला घरी जाऊ दे.” “हा हसतोय, पण कुणीतरी हस म्हणून सांगितलंय.” मी म्हटलं, “काकू, तुम्हीच आमच्या गाडीत या. आम्हाला एवढं कळत नाही.”

मग त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “मेघना, मी रोज दुपारी चक्कर मारते. इकडच्या वळणापासून तिकडच्या वळणापर्यंत. रस्त्यावर एक माणूस दिसत नाही. एवढी मतं येतात कुठून?”

आम्ही दोघं हसलो. दादा तर हे वाक्य पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

* * *

शेवटचा किस्सा रविवारी दुपारचा.

हॅमिल्टनमध्ये आपल्या लोकांनी उमेदवारांना भेटायचा कार्यक्रम ठेवला होता. कम्युनिटी हॉल, समोसे, चहा, स्टेजवर ओळीने सगळे रंग. दादांच्या गाडीतून आम्ही सगळे गेलो. आई पुढे दादांच्या शेजारी, मागे श्री, तन्वी आणि मी. वहिनींची ड्यूटी होती. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत ते आपला प्रश्न मनातल्या मनात म्हणत होते, ओठ हलताना आरशात दिसत होते.

उमेदवारांनी आधी माओरीत किया ओरा, मग नमस्ते केलं. एकाने डाळींच्या किमतींवर बोलून टाळ्या घेतल्या. मग प्रश्न सुरू झाले आणि दादा उभे राहिले.

दादा चांगलं बोलले. त्या दिवशी मातीची तपासणी नाही, पाया नाही, सरळ मुद्दा. ते म्हणाले, मी या देशात पूल बांधतो. कर भरतो. माझी आई ही इथे बसली आहे. माझ्याशिवाय तिला कुणी नाही. पुढच्या महिन्यात तिचं परतीचं तिकीट आहे, ते पुढे ढकलायची माझी खटपट चालू आहे, पण किती वेळा ढकलणार? माझ्या आईला माझ्याजवळ राहता यावं यासाठी तुमच्यातलं कोण काय करणार आहे, तेवढं सांगा. मी त्यांना मत देईन.

माझ्या शेजारी तन्वीने डोळे पुसले. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांचे आईवडील तिकडे होते.

स्टेजवरच्या एक बाई उठल्या. कुठल्या रंगाच्या ते सांगत नाही, गाडीचा नियम आहे. त्या माइक ठेवून खाली आल्या, आईंच्या खुर्चीसमोर चक्क जमिनीवर गुडघ्यावर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. मग वर दादांकडे बघून म्हणाल्या, “तिला इथे राहायला यायला आवडेल का, तिला विचारा ना.”

“ऑफ कोर्स,” दादा म्हणाले. “तिला आवडेलच.”

“हो. पण तिला विचारा.”

बाई वाईट हेतूने बोलत नव्हत्या. त्यांना आईंच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. लोकही कौतुकाने माना उंचावून बघत होते. दादा आईकडे वाकले.

“आई, त्या विचारतायत, तुला इथे कायमचं राहायला यायचंय का?”

आईंनी आधी त्या बाईंकडे बघितलं. मग दादांकडे बघितलं.

“हे त्या विचारतायत, की तू विचारतोयस?”

दादा गडबडले. म्हणाले, “त्या. त्या विचारतायत.”

“मग त्यांना सांग, हो म्हणते. एवढी पोर खाली बसून विचारतेय, नाही कशी म्हणू?”

दादा सरळ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, “शी सेज येस.”

हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या. बाईंनी आईंना मिठी मारली. फोटो निघाले. आईंनी हसून फोटो दिले आणि आयोजकांच्या आग्रहाखातर आणखी एक समोसा घेतला. श्रीने माझ्याकडे बघितलं, मी तन्वीकडे बघितलं. पुढच्या दोन रांगांतल्या मराठी माणसांनीही ऐकलं होतं.

परत निघालो. दादांच्या गाडीत दादांचं सरकार, पण रेडिओ लागला नाही. नदीवरचा पूल गेला, मॉल गेला. दादांच्या घराच्या आधीचा मोठा राउंडअबाउट आला. दादा तिथे नको तितका वेळ थांबले. मागे एकही गाडी नव्हती.

“आई,” ते समोर बघत म्हणाले, “आता मी विचारतोय.”

आईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. मला वाटतं, उत्तर त्यांच्याकडे बरेच दिवस तयार होतं.

“मग माझं तिकीट पुढे ढकलू नकोस.”

त्यांनी दादांच्या गिअरवरच्या हातावर आपला हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मागे आम्ही तिघं तीन खिडक्यांतून बाहेर बघतोय असं दाखवत होतो, खरं तर मागे खिडक्या दोनच. दादांनी राउंडअबाउट पार केला. वळण घेतलं. रस्ता नेहमीसारखाच रिकामा होता. मग त्यांनी आरशात मागे बघितलं.

“श्री,” ते म्हणाले, “ते व्याजदराचं आणि कराचं कोण काय म्हणतंय, मला जरा पहिल्यापासून सांग. मी कधी नीट ऐकलंच नाही.”